ऑफिसचं सॉफ्टवेअर लाइव्ह करण्याआधी लॉगिनची पद्धत कोणती ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे हजेरी, रजा आणि कामाच्या नोंदींसाठी नवं सॉफ्टवेअर येतंय. आमच्याच सर्व्हरवर चालेल. सेटअपमध्ये तीन पर्याय आहेत: युझर-पासवर्ड सॉफ्टवेअरमध्येच ठेवणे, एलडॅपने (डिरेक्टरीशी बोलायची पद्धत) ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (कंपनीच्या खात्यांची मध्यवर्ती यादी) जोडणे किंवा सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर सगळी सॉफ्टवेअर). एकदा डेटा भरला की पद्धत बदलणं फार जिकिरीचं होतं, म्हणून आधीच विचारतोय.

ऑफिसातल्या लोकांचं जवळपास ठरलंय. वेगळे पासवर्ड नकोत. कुणी नोकरी सोडली की खातं दोन ठिकाणी बंद करावं लागतं आणि त्यातलं एक हमखास राहून जातं. एलडॅप जोडायला सोपं, पण त्यात माणसाचा डिरेक्टरीचा पासवर्ड या सॉफ्टवेअरच्या हातून जातो. शिवाय ३८९ पोर्टवर टीएलएसशिवाय, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय, साधं बाइंड (नाव-पासवर्ड पाठवून लॉगिन) ठेवलं तर तो नेटवर्कवर उघडाच फिरतो. सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट या सिंगल साइन-ऑनच्या पद्धतींमध्ये पासवर्ड सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही. माझा कल ओपनआयडी कनेक्टकडे आहे.

घोडं अडलंय ते पाळीवर काम करणाऱ्यांपाशी. त्यांना कंपनीचा ईमेल नाही, डिरेक्टरीत खातं नाही. कामाच्या जागी मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे ओटीपी बाद. टॅबलेट सामायिक. चाचणीत असं दिसलं की पाळी बदलताना घाईत आधीचा माणूस लॉगआउट करत नाही आणि पुढच्याची नोंद त्याच्या नावावर चढते. याच नोंदींवरून ओव्हरटाइम निघणार आहे! सुपरवायझर म्हणतात, प्रत्येक टॅबलेटला एकच लॉगिन द्या. मला ते अजिबात पटत नाही. उद्या वाद झाला तर कामगाराने आपले तास दाखवायचे कशावरून?

ओळखपत्र टॅप करून वर पिन, असा विचार चाललाय. कुणी प्रत्यक्षात वापरलंय का?

दुसरं, सॉफ्टवेअर युझर ओळखतं ईमेलवरून. आडनाव बदललं, ईमेल बदलला, तर जुनी रजा नव्या खात्यात येईल का? इथे काय ठेवावं?

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तो नंतर सुधारायला सगळ्यात अवघड. ईमेलवर ओळख बांधू नका. ओपनआयडी कनेक्टच्या टोकनमध्ये (लॉगिननंतर सॉफ्टवेअरला मिळणारी ओळखीची चिठ्ठी) 'सब' (युझरची न बदलणारी ओळख) आणि 'इस' (ती ओळख देणारी यंत्रणा) अशी दोन मूल्यं येतात. ती जोडी कायमची ओळख म्हणून ठेवा. ईमेल फक्त दाखवण्यापुरता. पाळीवाल्यांना कर्मचारी क्रमांक द्या, आणि सोडून गेलेल्याचा क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नका.

टॅप आणि पिन चालतं, मात्र कार्ड कोणतं आहे ते बघा. १२५ किलोहर्ट्झची जुनी साधी कार्डं ठरलेला नंबरच पाठवतात, त्यांची नक्कल सहज होते. पिन चुकला की काही प्रयत्नांनंतर खातं लॉक व्हायला हवं. टॅबलेटवर नवीन कार्ड टॅप झालं की आधीचं सेशन आपोआप बंद व्हावं, आणि नोंद सेव्ह करण्याआधी नाव मोठ्या अक्षरात दिसावं. सामायिक लॉगिनला तुम्ही नाही म्हणताय ते अगदी बरोबर आहे, त्यावर ठाम राहा.

आणि एक स्थानिक ॲडमिन खातं लांब पासवर्डसह बाजूला ठेवा. सिंगल साइन-ऑन बंद पडलं तर आत शिरायला दुसरी वाट राहत नाही.