तिसरीच्या गणिताची वर्षभराची उद्दिष्टं कशी लिहायची? आणि किती?

फळा_खडू
नमस्कार सगळ्यांना. यंदा तिसरीचा वर्ग आलाय माझ्याकडे आणि गणिताची वर्षभराची उद्दिष्टं लिहून द्यायची आहेत. नमुना म्हणून जो कागद मिळालाय त्यात पुस्तकातली प्रकरणंच एकाखाली एक आहेत आणि प्रत्येकापुढे "मुलांना तीन अंकी वजाबाकी समजेल", "मुलांना अपूर्णांक समजेल" असं लिहिलंय. पण त्यावरून सोमवारी वर्गात जाऊन नेमकं काय करायचं ते काही कळत नाही. शिवाय वर्गात सरळ सरळ तीन गट दिसतायत, काही मुलं हजारापर्यंत आरामात वाचतात लिहितात, काही मधली, आणि काही जण चारशे सात लिही म्हटलं की ४००७ लिहितात. मग सगळ्यांना एकच उद्दिष्ट कसं लावणार? आणि पाढ्यांचं काय, "वर्षअखेर दहापर्यंत पाढे पाठ" एवढं पुरे का? शिकवणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

गठ्ठे_आणि_सुटे
मॅडम पहिली गोष्ट, "समजेल" हे क्रियापदच काढून टाका. समजलं की नाही ते दिसत नाही, मूल काय करतं आणि काय बोलतं ते दिसतं, तेवढंच लिहायचं. म्हणजे "तीन अंकी वजाबाकी समजेल" याच्या जागी "३०२ मधून १४८ वजा करताना एक शतक सोडवून त्याचे दहा दशक कसे होतात आणि त्यातल्या एका दशकाचे दहा एकक कसे होतात ते काड्यांच्या गठ्ठ्यांनी करून दाखवेल, उत्तर १५४ आल्यावर १५४ आणि १४८ ची बेरीज करून स्वतः ताळा घेईल". वाक्य लांब झालं तरी होऊ द्या, पण हे वाचलं की वर्गात काय न्यायचं, मुलाला काय विचारायचं आणि कशावरून जमलं म्हणायचं हे तिन्ही त्यातच मिळतं.

आणि ते ४००७ वालं पोर निष्काळजी नाहीये हं, ते जे ऐकतं ते बरोबर ऐकतं. चारशे ऐकलं ४०० लिहिलं, सात ऐकलं पुढे ७ लिहिलं. त्याला अजून जागेची किंमत मिळालेली नाही एवढंच. अशा मुलांसाठी ४०० चं लांब कार्ड आणि ७ चं छोटं कार्ड करा, छोटं कार्ड मोठ्याच्या शेवटच्या शून्यावर बसवायचं की ४०७ डोळ्यासमोर तयार होतं, आणि छोटं उचललं की खालचं ४०० तसंच दिसतं. हे पक्कं व्हायच्या आधी त्याला हातच्याची वजाबाकी दिली तर तो फक्त आकडे खोडून वर लिहायची रीत शिकेल, ३०२ सारखं मध्ये शून्य आलं की परत अडकणार. म्हणून उद्दिष्टांचा क्रम पुस्तकाच्या क्रमाने लावू नका, कशावर काय उभं आहे ते बघून लावा.

शून्यापासून
वरच्यांशी सहमत, पण संख्या फार वाढू देऊ नका. प्रत्येक प्रकरणाला चार म्हटलं तरी वर्षाची पन्नास साठ होतात आणि मग ती कुणीच उघडून बघत नाही. मी चार-पाचच मोठी ठेवते, संख्या आणि स्थानिक किंमत, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, अपूर्णांकाची सुरुवात, मापन. आकृत्या वगैरे असतातच पण त्यांना जास्त वेळ लागत नाही.

शाब्दिक उदाहरणांना मात्र वेगळं उद्दिष्ट हवंच, आणि तेही नुसतं "शाब्दिक उदाहरणे सोडवेल" असं नको. "१२ मणी होते, ५ दिले, किती उरले" हे सगळ्यांना येतं. "काही मणी होते, ५ दिले, ७ उरले, आधी किती होते" इथे अर्धा वर्ग वजाबाकी करतो कारण वाक्यात "दिले" आलंय. "हिच्याकडे १२ आहेत, त्याच्यापेक्षा ५ जास्त आहेत, तर त्याच्याकडे किती" इथे "जास्त" बघून बेरीज करतात. म्हणून उद्दिष्टात लिहा की गोष्टीत काय माहीत नाही ते शोधून चित्र काढेल आणि मग क्रिया निवडेल. तसंच एकदा ८ + ४ = □ + ५ हे फळ्यावर लिहून बघा. चौकटीत १२ किंवा १७ लिहिणारी मुलं वरच्या वर्गातसुद्धा भेटतात, त्यांना बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असंच वाटत असतं. दोन्ही बाजू सारख्या हे तिसरीतच बोलून घ्या, पुढे समीकरणांना तेच लागतं.

बे_एके_बे
पाढ्यांबद्दल मी बोलतो कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. दहापर्यंत पाढे म्हणजे १०० गुणाकार, बघूनच मूल दमतं. पण ३ × ७ आणि ७ × ३ एकच हे ठिपक्यांच्या रांगा आडव्या-उभ्या फिरवून दाखवलं की ५५ च राहतात. त्यातून १, २, ५ आणि १० चे काढा, ते लवकर येतात, मग ३ × ३ पासून ९ × ९ पर्यंत फक्त २१ उरतात. हे २१ वर्षभरात वाटून द्यायचे. उद्दिष्ट असं लिहा की मधूनच विचारलं तरी सांगेल, आणि आठवलं नाही तर जवळच्यावरून काढेल, जसं ६ × ७ अडलं तर ५ × ७ म्हणजे ३५ आणि त्यात आणखी ७, झाले ४२. सुरात पाढा म्हणणारी कितीतरी मुलं सात सक किती विचारलं की सात एके पासून सुरू करतात.

पण पाठांतर नकोच असं हल्ली जे म्हटलं जातं ते मला अजिबात पटत नाही. चौथीत मोठा भागाकार करताना मूल प्रत्येक पायरीला बोटं मोजत बसलं तर भागाकार काय चाललाय हेच डोक्यातून निसटतं. अर्थ आधी, मग रोज थोडं थोडं म्हणणं, दोन्ही हवं.

फळा_खडू
सगळ्यांचे मनापासून आभार, किती काय काय सांगितलंत! तीन गटांचं मात्र अजून अडतंय. गटागणिक वेगळी उद्दिष्टं लिहू का?

गठ्ठे_आणि_सुटे
नका लिहू, वेगळी लिहिली की खालचा गट वर्षभर खालीच राहतो. उद्दिष्ट एकच ठेवा, तिथपर्यंत जायची वाट वेगळी ठेवा. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी शिकण्याचे वस्तू, चित्र, चिन्ह असे टप्पे सांगितलेत तेच वापरा. तीच ३०२ ची वजाबाकी कुणी काड्यांनी करेल, कुणी चित्र काढून, कुणी नुसत्या आकड्यांनी, आणि काड्यांवाल्याला दर आठवड्याला चित्राकडे ढकलत राहायचं. ज्यांना पटकन येतं त्यांना मोठमोठे आकडे देऊ नका, त्यांना म्हणा याच वजाबाकीवर एक गोष्ट रच, किंवा हे चुकलेलं उत्तर बघ आणि कुठे चुकलं ते शेजाऱ्याला समजावून सांग. सुरुवातीला एकेका मुलाशी चार-पाच मिनिटं तोंडी बोलून घ्या, लेखी चाचणीत उत्तर दिसतं, विचार दिसत नाही.

शून्यापासून
आणि दर चार-पाच आठवड्यांनी एक आठवडा कोरा ठेवा, नवीन काही नाही, मागचंच परत. नियोजनात तो आधीच लिहिला नसेल तर कधीच मिळत नाही.

पट्टी_पेन्सिल
उशिरा आलो, पण अपूर्णांक आणि मापनाचं थोडं सांगतो. अपूर्णांकात "एक चतुर्थांश मोठा कारण ४ हा ३ पेक्षा मोठा" हे उत्तर येणारच धरून चाला, त्यामुळे उद्दिष्टात "रंगवेल" नको, "सारख्याच दोन पट्ट्यांना घड्या घालून एक तृतीयांश मोठा का ते सांगेल" असं हवं. पट्ट्या सारख्या लांबीच्या आणि भाग समान, यावर फार भर द्या. मापनात पेन्सिल पट्टीवर शून्यापाशी न ठेवता २ वर ठेवा, टोक ९ वर येऊ दे, आणि लांबी विचारा. ९ म्हणणारं मूल आकडा वाचतंय, मधले ७ सेंटिमीटर मोजत नाहीये, त्याला तुटलेल्या पट्टीने मोजायला लावा.