शब्दचर्चा: 'स्टॅटिक लिंकिंग'ला 'स्थिर जोडणी' म्हणावं का?

वागळेकर: महाप्याच्या एका ऑफिसात सपोर्टच्या नव्या मुलांसाठी मराठी टिपण तयार होतंय. विषय: पायथनची 'क्रिप्टोग्राफी' ही एन्क्रिप्शनची लायब्ररी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर कशी बसते. 'स्टॅटिक लिंकिंग'ला (दुसरी लायब्ररी आपल्याच फाइलीत मिसळून टाकणं) 'स्थिर जोडणी', 'व्हील'ला (बसवायला तयार पॅकेज) 'चाक', 'डिपेन्डन्सी'ला (सोबत लागणारी दुसरी लायब्ररी वा साधन) 'अवलंबित्व' असे शब्द काढलेत. चालतील का?

ऐरोलीकर: 'चाक' नको. व्हील हे फाइलच्या प्रकाराचं नाव आहे, आत साधी झिप असते. जेपीईजीचं कोणी मराठी करतं का?

घणसोली_नाका: खरा घोळ 'स्थिर'मध्ये आहे. 'स्टेबल रिलीज'लाही आपण 'स्थिर आवृत्ती'च म्हणतो. वाचणाऱ्याला वाटणार, स्थिर जोडणी म्हणजे जास्त भरवशाची. शब्दातून कळायला हवं ते हे, की ओपनएसएसएल ('क्रिप्टोग्राफी' आतून वापरते ती सी लायब्ररी) कुठे बसलंय. सुरक्षेची दुरुस्ती कोणी करायची हे त्यावरच ठरतं.

पायपीआयवरच्या (पायथन पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) व्हीलमध्ये ओपनएसएसएल लायब्ररीच्या बायनरीतच मिसळलेलं असतं. त्याला 'अंतर्भूत जोडणी' म्हणा. डेबियन लिनक्सचं 'पायथन३-क्रिप्टोग्राफी' पॅकेज मात्र सिस्टिमचं लिबक्रिप्टो (ओपनएसएसएलचाच भाग) वापरतं, ती 'बाह्य जोडणी'. एक घरचा डबा, दुसरं कॅन्टीन. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे सुरक्षेचं भगदाड निघालं तेव्हा बाह्य जोडणीवाल्यांना सिस्टिमचं पॅकेज बदलून सेवा रीस्टार्ट करणं पुरलं. ज्यांनी ओपनएसएसएलची सदोष १.०.१ आवृत्ती आत मिसळली होती त्यांना बायनरी नव्याने बांधावी लागली. टिपणात हे ठळक लिहा: पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) बसवलेल्या व्हीलवर 'एपीटी अपग्रेड'चा (डेबियनची सिस्टिम-पॅकेजं अपग्रेड करणारी कमांड) काही परिणाम होत नाही.

कोणती जोडणी आहे ते बघायचं तर लिनक्सवर लायब्ररीच्या डॉट-एसओ फाइलवर (लिनक्सवरची कंपाइल केलेली फाइल) एलडीडी चालवा; ही कमांड बाहेरून लागणाऱ्या लायब्ररींची यादी देते. यादीत लिबक्रिप्टो दिसलं नाही, तर ते आत आहे.

कळवा_खाडी: तिसरा प्रकार राहिला. ऑडिटव्हील या लिनक्सवरच्या साधनाची 'रिपेअर' कमांड बाहेरच्या डॉट-एसओ फाइली व्हीलमध्ये कॉपी करते, त्यांच्या नावाला हॅश जोडते आणि शोधायचा रस्ता बदलते. फाइल वेगळीच राहते, फक्त सोबत येते. मॅकवर हेच काम डेलोकेट करतं, विंडोजवर डेलव्हव्हील. 'रिपेअर'चं 'दुरुस्ती' करू नका, मुळात काही मोडलेलंच नसतं. 'भरणी' बरा शब्द. ॲपल सिलिकॉनवर असे रस्ते हाताने बदलले तर फाइलची डिजिटल सही बाद होते आणि मॅक प्रोग्रामला थेट मारतो. पुन्हा कोडसाइन करावंच लागतं.

वागळेकर: आणि 'अवलंबित्व'?

ऐरोलीकर: ते गुणाचं नाव आहे, वस्तूचं नाही. 'दोन अवलंबित्वं बसवा' कोण म्हणेल? शिवाय त्यात वेळ दिसत नाही. 'बांधताना लागणारं' आणि 'चालताना लागणारं' असं सरळ लिहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'क्रिप्टोग्राफी'च्या ३.४ आवृत्तीपासून रस्ट भाषेचा कंपायलर लागायला लागला, तो फक्त बांधताना. व्हील मिळालं तर रस्ट नको, सी कंपायलर नको, ओपनएसएसएलच्या हेडर फाइलीही नकोत. नुसतं 'रस्ट आवश्यक' लिहिलंत की मुलं सर्व्हरवर सगळा टूलचेन चढवून बसतात.

घणसोली_नाका: टॅगच्या (व्हीलच्या नावातला, ते कुठे चालेल हे सांगणारा भाग) भाषांतरात एक चूक नेहमी होते. 'मेनीलिनक्स_२_२८' म्हणजे 'ग्लिबसी २.२८ साठी' नव्हे, '२.२८ पासून पुढे'. ग्लिबसी म्हणजे बहुतेक लिनक्सची मूळ सी लायब्ररी. बायनरी नव्या ग्लिबसीवर बांधली तर जुन्या मशीनवर 'ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड' असं काहीतरी येतं, म्हणून मुद्दाम जुन्या बेसच्या कंटेनरमध्ये बांधतात. उलट जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. सेंटओएस ७ वर ग्लिबसी २.१७ आहे, तिथे हे व्हील बसणार नाही. अल्पाइन लिनक्सवर तर ग्लिबसीच नाही, तिच्या जागी मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. तिथे 'मसललिनक्स' टॅगचं व्हील लागतं.

कळवा_खाडी: आणि जुना पिप! 'मेनीलिनक्स_२_२८'सारखे टॅग २०.३ पासूनच्या पिपला कळतात. त्याआधीच्याला योग्य व्हील समोर असूनही दिसत नाही. तो गुपचूप सोर्स उतरवतो, बांधायला घेतो आणि शेवटी कार्गो (रस्टचं बांधणीचं साधन) सापडत नाही म्हणून रडतो. त्यामुळे टिपणातली पहिली ओळ 'आधी पिप अपग्रेड करा' ही ठेवा, दुसरी 'ओन्ली-बायनरी' (फक्त तयार व्हील घे, सोर्स नको) पर्यायाची. मग व्हील नसेल तर पिप तिथेच थांबतो आणि एरर नेमकी कळते.

वागळेकर: ठीक. 'अंतर्भूत', 'बाह्य' आणि 'भरणी' घेतो, व्हील तसंच ठेवतो. 'कंपाइल्ड'ला 'संकलित' राहू द्यावं का?

ऐरोलीकर: काढा. त्यातून कवितासंग्रह आठवतो. 'कंपाइल केलेली' लिहा.