रात्री नऊनंतर कुकर लावू नये: टोकियोचा शेजार सुखाचा की मुर्दाड?

निशीकासाईकर

गेल्या आठवड्यात पत्रपेटीत एक कागद आला. इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीचा, सगळ्या भाडेकरूंना उद्देशून, नाव कुणाचंच नाही. "रात्री नऊनंतर शिट्टीसारखा आवाज येतो, कृपया काळजी घ्यावी." अख्ख्या इमारतीत शिट्टीचा कुकर एकच, तो आमचा. मी निमूटपणे वरणाची वेळ साडेसातवर आणली. विषय संपला.

पुण्यातल्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "कसल्या मुर्दाड शहरात राहतोस रे!" म्हणून हा धागा. माझं मत उलट आहे. टोकियोतलं सगळ्यात मोठं सुख हेच, की इथे कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. सात वर्षांत एकदाही हॉर्नने जाग आलेली नाही. पहिलीतली पोरगी पिवळी टोपी घालून चालत शाळेत जाते, सोडायला-आणायला कुणी लागत नाही. पाकीट दोनदा हरवलं, दोन्ही वेळा पोलीस चौकीतून पैशांसकट परत मिळालं. गाडीला उशीर झाला तर ऑफिसात दाखवायला रेल्वे स्वतः दाखला देते. एकटेपणाचं रडगाणं गाणाऱ्यांनी सांगावं, आणखी काय हवं?

बोरिवली फास्ट

दार वाजवणारा शेजारी हवा. त्या माणसाने तुमच्या शिट्ट्या किती दिवस मोजल्या असतील याचा विचार केलात? सकाळी लिफ्टमध्ये तुम्हाला वाकून नमस्कार केला असेल आणि घरी जाऊन कंपनीला फोन. मला तर अशा इमारतीत पाणी प्यायचीही चोरी वाटेल.

गाडीच्या दाखल्याचं कौतुक नको. टोकियो मेट्रोच्या तोझाई लाइनवर किबा ते मोंझेन-नाकाचो या टप्प्यात करोनाआधी सकाळी क्षमतेच्या 199 टक्के गर्दी असायची, हा सरकारी आकडा आहे. मी विरार लोकल काढलेला माणूस, गर्दीचं मला काही नाही. पण तिथे भांडण होतं, भजन होतं, चौथी सीट मिळते. इथे चाळीस माणसं एकमेकांच्या अंगावर रेललेली आणि कुणी खोकतसुद्धा नाही.

आणि घर शोधतानाचं विसरलात का? एजंट माझ्यासमोर घरमालकाला फोन लावायचा. पहिलंच वाक्य, "गाइकोकु नो काता देसु गा..." म्हणजे "परदेशी आहेत, पण..." त्या 'गा' नंतर जी शांतता पसरायची ना, तिच्यातच उत्तर कळायचं. मग तो फोन ठेवायचा, माझी वाकून माफी मागायचा आणि यादीवर काट मारायचा. अशी अकरा घरं. बाराव्याने हो म्हटलं, त्याला एका महिन्याचं भाडं 'रेइकिन' म्हणून दिलं. रेइकिन म्हणजे आभाराचे पैसे, परत न मिळणारे. आपल्याकडे पागडीला निदान पागडी म्हणतात.

निशीकासाईकर

घराचं शंभर टक्के मान्य. माझीही नऊ घरं गेली, त्याचं समर्थन कोण करेल?

पण दार वाजवणारे शेजारी मी कोथरूडला भरपूर पाहिलेत. खालचे काका आमच्या मिक्सरवरून तीन वर्षं भांडले. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माईक ओढाओढी झाली आणि बाबांना बीपीची गोळी सुरू झाली. त्यापेक्षा कागद परवडला. चौथी सीट तुम्हाला साडेसहा हजार किलोमीटरवरून रम्य वाटते. परत जाऊन बसा आठवडाभर.

आणि शहर परकं ठेवतं म्हणाल, तर आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये आमचं निशीकासाई ज्यात येतं त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले की!

बोरिवली फास्ट

आधी जपानी नागरिक झाले, मग निवडून आले. तेवढं गाळलंत.

खटपट्या

तुमचं चालू द्या, पण मूळ दुखणं येनचं आहे. 2021 च्या सुरुवातीला 100 येनचे साधारण 70 रुपये व्हायचे, 2024 मध्ये 55 च्या आसपास. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता मात्र आहे तेवढाच. तेव्हा शांतता आवडायची, आता तीच खायला उठते.

शिवाय पाकीट परत येतं हे खरं, पण दुकानाबाहेर ठेवलेली पारदर्शक छत्री? माझ्या चार गेल्या. आणि कचरा! माझी मोडकी खुर्ची न्यायला वॉर्डाकडे आधी नोंदणी, मग दुकानातून 200-300 येनचं शुल्काचं स्टिकर विकत घ्यायचं, ते लावून सकाळी आठच्या आत खुर्ची खाली. नाशिकला भंगारवाला त्याच खुर्चीचे आईला वीस रुपये देऊन गेला असता, वर चहा पिऊन.

गोधडी

मी नातीच्या जन्माच्या वेळी तीन महिने तिकडे होते. पहिला महिना गॅलरीत बसून काढला, मुलगा-सून थकून येत, बोलणार कोणाशी? मग एकदा पहाटे बागेत गेले. साडेसहाला कुणीतरी रेडिओ लावला आणि वीसेक म्हातारी माणसं हातवारे करायला लागली. 1928 पासून चालू आहे म्हणे हा रेडिओवरचा व्यायाम. मी साडीवर स्वेटर घालून मागे उभी राहिले. तिसऱ्या दिवशी एका आजींनी माझा हात धरून खांद्यापर्यंत वर नेला, चुकत होता. निघायच्या दिवशी त्यांनी मला वाळवलेली पर्सिमॉनची फळं दिली. नाव काही कळलं नाही त्यांचं. तुम्ही पोरं सकाळी बाहेर पडत नाही, हा खरा घोळ आहे.

निशीकासाईकर

काकू, अगदी! हेच म्हणतोय मी. माणुसकी आहे, ती अंगावर येत नाही इतकंच. 7 ऑक्टोबर 2021 चा भूकंप आठवतो? रात्री पावणेअकराला. पोरीला टेबलाखाली घेऊन बसलो होतो, तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरची बाई, डोक्यावर हेल्मेट, पायात घरातल्या सपाता. "दाइजोबु देसु का?" ठीक आहात ना? पोरीकडे वाकून पाहिलं आणि पुढच्या दाराला गेली. त्यानंतर आजतागायत फक्त लिफ्टमधला नमस्कार.

बोरिवली फास्ट

म्हणजे शेजाऱ्याने दार वाजवायला भूकंप लागतो!

निशीकासाईकर

लागतो. आणि खरं सांगू? आमचं स्वयंपाकघर बरोबर तिच्या झोपायच्या खोलीवर आहे. कागद तिचाच असणार.

बोरिवली फास्ट

मग खाली जा, बेल वाजवा, सॉरी म्हणा, सोबत वरण द्या. दोन मिनिटांचं काम.

निशीकासाईकर

बेल? न कळवता? काय म्हणेल ती!