एक्स्पोर्टची यादी: हेडरमधल्या मॅक्रोत की वेगळ्या फाइलीत?

सुटसुटीत

सी लायब्ररी विंडोज, लिनक्स आणि मॅक अशी तिन्हीकडे शेअर्ड रूपात (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी वेगळी फाइल, विंडोजवर डीएलएल) द्यायची म्हटली की हेडरच्या, म्हणजे फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलीच्या, डोक्यावर ती अटींची ठरलेली शिडी चढतेच. एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) असेल आणि लायब्ररी बांधत असू तर डीएलएलएक्स्पोर्ट (हे नाव बाहेर पाठव), वापरत असू तर डीएलएलइम्पोर्ट (हे नाव डीएलएलमधून येतं). जीसीसी किंवा क्लँग असेल तर व्हिजिबिलिटी डिफॉल्ट (हे नाव बाहेर दिसू दे). सन स्टुडिओ असेल तर __ग्लोबल. लायब्ररी स्टॅटिक (थेट प्रोग्राममध्ये मिसळलेली) असेल तर काहीच नाही. मिनजीडब्ल्यूला (विंडोजवरच्या जीसीसीला) कुठल्या पायरीवर बसवायचं यावर पुन्हा वेगळा वाद. एवढं करून या शिडीतून ठरणारा मॅक्रो (कंपायलर ज्याच्या जागी ठरलेला मजकूर घालतो तो शब्द) प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी चिकटवायचा.

माझं म्हणणं, हे सगळं उपटून टाका. कोणतं नाव बाहेर जाणार हे शेवटी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ठरवतो, तर लिंकरशीच बोलावं. एक साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीवर एक नाव. तिच्यातून बांधणीच्या वेळी स्क्रिप्टने तीन फाइली काढायच्या: विंडोजसाठी .डेफ, ग्नू लिंकरसाठी व्हर्जन स्क्रिप्ट आणि मॅकसाठी एक्स्पोर्टेड सिम्बॉल्सची यादी (तिथे नावाआधी एक अंडरस्कोर, बस्स). हेडर शुद्ध सी राहतं. नवा कंपायलर आला तरी त्याला हात लावावा लागत नाही.

शिवाय ३२ बिट विंडोजवरचा जुना घोळही मिटतो. तिथे एसटीडीकॉल (विंडोजची एक ठरावीक कॉलपद्धत) फंक्शन डीएलएलएक्स्पोर्टने बाहेर पाठवलं तर एमएसव्हीसी ते ‘_नाव@८’ असं पाठवतो आणि मिनजीडब्ल्यू अंडरस्कोर गाळून ‘नाव@८’. .डेफमध्ये साधं नाव लिहिलं की दोघांकडून साधंच नाव जातं. मॅक्रोला हे जमत नाही. झेडलिब या डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत .डेफही आहे आणि लिनक्ससाठी .मॅप (व्हर्जन स्क्रिप्ट)ही आहे, आणि ती लायब्ररी कुठे चालत नाही ते सांगा.

पोटातली_गोष्ट

प्रचंड असहमत.

झेडलिबचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिचं झेडकॉन्फ हेडर उघडा. डीएलएलएक्स्पोर्ट, डीएलएलइम्पोर्ट, बोर्लंडच्या कंपायलरची आवृत्ती तपासणारी अट, सगळी शिडी तिथे आहे. याद्या आहेत त्या शिडीच्या जोडीला.

आणि ‘लिंकर ठरवतो’ हे अर्धसत्य आहे. लिंकर येईपर्यंत कंपायलरने मशीन कोड पाडलेला असतो, आणि नाव बाहेरचं आहे की आतलं हे त्याला तेव्हाच ठाऊक असावं लागतं. फंक्शनचं एक वेळ चालून जातं. डीएलएलइम्पोर्ट नसलं तरी इम्पोर्ट लायब्ररीत एक छोटी कमान असते, ती इम्पोर्ट टेबलातला पत्ता घेऊन पुढे उडी मारते. एक जादा उडी, एवढंच. घोडं पेंड खातं ते ग्लोबल व्हेरिएबलपाशी. तिथे उडी मारता येत नाही, आधी टेबलातून पत्ता वाचायचा आणि मग त्या पत्त्यावरची किंमत, असा वेगळा कोड लागतो. एमएसव्हीसी तो कोड डीएलएलइम्पोर्ट दिसल्यावरच काढतो. .डेफमध्ये त्या नावापुढे ‘डेटा’ लिहिलेलं असेल तर वापरणाऱ्याला निदान लिंकरची एरर मिळते. ते लिहायला विसरलात तर इम्पोर्ट लायब्ररी त्या व्हेरिएबलला फंक्शन समजू शकते. मग लिंक सुखाने होतं, आणि प्रोग्राम तुमच्या व्हेरिएबलऐवजी त्या कमानीचे इन्स्ट्रक्शन बाइट आकडा म्हणून वाचतो.

लिनक्सवरही तेच. व्हर्जन स्क्रिप्टने नाव शेवटी लपतं, पण पोझिशन इंडिपेंडंट (मेमरीत कुठेही बसणारा) कोड काढताना जीसीसी हे धरून चालतो की हे फंक्शन बाहेरचं कोणीही बदलू शकेल, म्हणून ते इनलाइन करत नाही, म्हणजे कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच उतरवत नाही. व्हिजिबिलिटी हिडन हा (न सांगितलेली नावं लपवणारा) फ्लॅग २००५ सालच्या जीसीसी ४.० पासून आहे, तो उगाच नाही.

कंसात_कंस

इनलाइनचा मुद्दा मान्य. पण ‘लिंकर येईपर्यंत उशीर झालेला असतो’ हे आता तितकंसं खरं नाही. व्हर्जन स्क्रिप्टमध्ये नाव लोकल झालं की लिंकर पीएलटी (बाहेरच्या फंक्शनांकडे जाणाऱ्या उड्यांचं टेबल) टाळून थेट कॉल जोडतो. एक्स८६-६४ वर (६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) जीओटीतून (पत्त्यांच्या टेबलातून) केलेलं वाचनही अलीकडचे लिंकर साध्या पत्त्यात बदलून टाकतात. आणि ‘कोणीही बदलू शकेल’ हे गृहीत नको असेल तर नो-सिमँटिक-इंटरपोझिशन हा फ्लॅग आहेच. क्लँग तर मुळातच ते गृहीत मनावर घेत नाही आणि बिनदिक्कत इनलाइन करतो. म्हणजे एकाच हेडरवरून दोन कंपायलर वेगवेगळं वागतात, आणि त्यात मॅक्रोचा काही संबंध नाही.

माझा अनुभव मिनजीडब्ल्यूचा. त्याचा लिंकर एकही डीएलएलएक्स्पोर्ट दिसला नाही तर सगळी ग्लोबल नावं बाहेर पाठवतो. एका जरी फंक्शनवर तो शब्द दिसला तर फक्त तेवढंच पाठवतो. कोणी भाबडेपणाने एका नव्या फंक्शनला मॅक्रो लावला की जुनी सगळी नावं गायब. लेखकाला कळत नाही, कारण बदल एका ओळीचा आणि एरर दुसऱ्याच फंक्शनच्या. व्हेरिएबलच्या बाबतीत तो आणखी लाडावतो: डीएलएलइम्पोर्ट नसेल तर प्रोग्राम सुरू होताना स्वतःच पत्ते दुरुस्त करून घेतो. त्यामुळे मिनजीडब्ल्यूवर सगळं हिरवंगार, आणि तीच डीएलएल एमएसव्हीसीवाल्याच्या हातात गेली की रडारड. ‘माझ्याकडे चालतं’ हे वाक्य या विषयात काहीही सिद्ध करत नाही.

नवशिक्या_पण_हट्टी

सीमेकमध्ये (बांधणीच्या साधनात) विंडोजवर सगळे सिम्बॉल्स (नावं) एक्स्पोर्ट करायची सोय आहे ना, ३.४ पासून? ती चालू करा, ना मॅक्रो ना यादी. वाद कशाला?

पोटातली_गोष्ट

तेही आपोआप .डेफच बनवतं, म्हणून व्हेरिएबलसाठी वापरणाऱ्याच्या बाजूला डीएलएलइम्पोर्ट लागतंच. शिवाय एका डीएलएलमधून ६५,५३५ च्या आसपासच नावं जाऊ शकतात, मोठ्या लायब्ररीला ती मर्यादा भिडते. आणि सगळं बाहेर पाठवणं हा उपाय नाही हो. आज तुमचं ‘init’ नावाचं आतलं फंक्शन बाहेर गेलं, उद्या कोणीतरी ते वापरायला लागलं, परवा ते काढलं की तुमच्यावर शिव्या.

सुटसुटीत

व्हेरिएबल, व्हेरिएबल, व्हेरिएबल. लायब्ररीतून व्हेरिएबल एक्स्पोर्ट करायचंच कशाला? मुळात वाईट सवय आहे ती. लिनक्सवरही कॉपी रिलोकेशनमुळे व्हेरिएबलची प्रत मुख्य प्रोग्राममध्ये जाते आणि त्याचा आकार बायनरीत गोठतो. पुढच्या आवृत्तीत ॲरे वाढवलात की बोंब. गेटर फंक्शन द्या. errno (शेवटच्या एररचा क्रमांक) सुद्धा आता व्हेरिएबल राहिलेलं नाही: ग्लिबसीत (लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीत) आणि मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्येही (त्यांच्या तशाच लायब्ररीत) तो फंक्शनला बोलावणारा मॅक्रो आहे. व्हेरिएबल वगळलं की तुमचा मुख्य आक्षेपच उरत नाही.

आणि याद्यांना मागासलेलं समजू नका. ग्लिबसीत x८६-६४ वर memcpy (बाइट कॉपी करणारं फंक्शन) ची २.२.५ आणि २.१४ अशी दोन रूपं एकाच वेळी नांदतात, जुना प्रोग्राम जुन्याला आणि नवा नव्याला जोडला जातो. ती सगळी व्यवस्था व्हर्जन स्क्रिप्टवर उभी आहे. व्हिजिबिलिटीचा मॅक्रो फक्त दिसतं की दिसत नाही एवढंच सांगतो.

जोडणीकार

मग जीलिब या सी लायब्ररीचं काय? त्यांच्याकडे एके काळी नावांची वेगळी यादीच होती. ती सोडून ते फंक्शनवरच्या मॅक्रोकडे आले. त्या मॅक्रोत हे फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून आहे तेही लिहिलेलं असतं. मी जुन्या आवृत्तीपुरतंच लिहायचं ठरवलं आणि चुकून नवं फंक्शन वापरलं, तर कंपायलर तिथल्या तिथे वॉर्निंग देतो. यादी हे कधीच करणार नाही, कारण यादी वापरणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. हेडर पोचतं.

दुसरं म्हणजे यादी आणि कोड यांची फारकत. फंक्शन लिहिणारा एक, यादीत नाव घालायला विसरणारा तोच. मॅक्रो डिक्लरेशनला चिकटलेला असल्यामुळे पुनरावलोकनात डोळ्यांना दिसतो.

आडवाटेने

तुम्ही दोघंही एकच गृहीत धरताय, की नावं खूप असणार. एकच नाव एक्स्पोर्ट करा. त्याने फंक्शन पॉइंटरांचा स्ट्रक्ट परत द्यायचा, पहिल्या खान्यात स्ट्रक्टचा आकार, नवी फंक्शनं फक्त शेवटी. एसक्यूलाइट या डेटाबेसची एक्स्टेन्शन्स याच्याच जवळून जातात: एक प्रवेशद्वार, आणि आत येणारा एपीआयचा (वापरायला दिलेल्या फंक्शनांचा) पॉइंटर टेबल. पायथनच्या सी मोड्यूलमधूनही सहसा एकच PyInit_ वालं फंक्शन बाहेर दिसतं. कुठलाही कंपायलर असो, एका नावासाठी .डेफ हाताने लिहिली तरी चालेल.

जोडणीकार

प्लगइनसाठी ठीक. रोजच्या लायब्ररीत प्रत्येक कॉल टेबलातून करायचा? आणि लिंकरची तपासणी हातची जाते. आता नाव नसलं तर बांधतानाच कळतं.

आडवाटेने

सीमध्ये लिंकर तपासतो काय? फक्त नाव. सिम्बॉलमध्ये प्रकाराची माहिती नसतेच. इंटऐवजी डबल दिलं तरी तो हसत जोडेल.

कंसात_कंस

त्याच्याही पुढे जातो. नाव जुळणं हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे. एका कंपायलरच्या रनटाइममधला FILE पॉइंटर दुसऱ्या रनटाइमच्या fclose ला दिला, किंवा डीएलएलने malloc केलेलं बाहेरून free केलं, तर एक्स्पोर्ट कितीही शुद्ध असो, कोसळणार. ६४ बिट विंडोजवर long चार बाइटचा, लिनक्सवर आठचा. बिटफिल्डची (स्ट्रक्टमधल्या मोजक्या बिटांच्या खान्यांची) मांडणी एमएसव्हीसी आणि जीसीसी यांची मुळात वेगळी, म्हणून तर जीसीसीत एमएस-बिटफिल्ड्स हा फ्लॅग आहे. हेडरमध्ये बिटफिल्ड, FILE आणि long ठेवून वर एक्स्पोर्टच्या मॅक्रोवर भांडणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

सुटसुटीत

हे पटतं, पण ते दोन्ही पक्षांना सारखंच लागू आहे.

मी एवढं सोडतो: लायब्ररी बांधताना उपयोगी पडणारा एक्स्पोर्ट मॅक्रो राहू द्या, इनलाइनसाठी. पण डीएलएलइम्पोर्टची फांदी तरी काढा. खरा त्रास तीच देते. हेडर मूळचं ‘इम्पोर्ट’ धरून चालतं, वापरणारा स्टॅटिक लायब्ररी जोडतो, स्टॅटिकचा मॅक्रो द्यायला विसरतो, आणि ‘__imp_’ ने सुरू होणाऱ्या नावांच्या एररचा पाऊस पडतो. फांदी काढली तर फंक्शनं दोन्हीकडे चालतात. किंमत ती एक उडी. व्हेरिएबल नाहीतच.

पोटातली_गोष्ट

एक उडी आणि फंक्शनच्या पत्त्याची ओळख. फांदी काढली की प्रोग्राममध्ये फंक्शनचा पत्ता घेतला तर तो कमानीचा येतो, डीएलएलच्या आत घेतला तर खऱ्या फंक्शनचा. कॉलबॅक (लायब्ररीने उलट बोलवायचं फंक्शन) नोंदवायचा आणि काढताना पॉइंटर ताडून पाहायचा, असा एपीआय असेल तर ते कधीच जुळणार नाहीत. अर्थात फांदी ठेवूनही पूर्ण सुटका नाही. डीएलएलइम्पोर्ट असलेल्या फंक्शनचा पत्ता सीमध्ये स्टॅटिक इनिशियलायझरात टाकला तर एमएसव्हीसी गुपचूप कमानीचाच पत्ता घेतो, आणि सी४२३२ ही वॉर्निंग चौथ्या पातळीवर असल्याने बहुतेकांना ती दिसतच नाही.

तुमच्या लायब्ररीत असे कॉलबॅक नसतील तर काढा फांदी, माझी हरकत नाही. असतील तर नोंदणीच्या वेळी एक हँडल (त्या नोंदीची ओळखखूण) परत द्या आणि काढताना पॉइंटरऐवजी ते हँडल मागा.

सुटसुटीत

आहेत. दोन ठिकाणी. हँडलचं बघतो, पण त्यासाठी एपीआय मोडावा लागेल, म्हणजे पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत ती फांदी तिथेच.