नानांची सकाळची गोळी

सुनीलदादा: नानांसाठी को-क्यू-टेनचा, म्हणजे पेशीला ऊर्जा बनवायला मदत करणाऱ्या पूरक गोळ्यांचा, डबा मागवूलोय. पार्किन्सनमध्ये पेशीतलं पॉवरहाऊस बिघडतं म्हणे. मग सकाळची गोळी बंद करून हेच दिलं तर?

मंजूवहिनी: गोळी बंद करायची नाही भावजी. काल तासभर उशीर झाला तर उंबऱ्यातच पाय खिळले त्यांचे. हातातली बशी खडखडत होती, चहा सगळा सदऱ्यावर.

प्राची: दादा, पॉवरहाऊसचं खरं आहे, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्याला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही तरुणांनी नशेसाठी भेसळीचं औषध टोचून घेतलं आणि थोड्या दिवसांत आपल्या नानांसारखे ताठरले. त्यात एमपीटीपी नावाचं रसायन होतं. मेंदूत त्याचं विष तयार होतं, ते डोपामाइनच्या, म्हणजे हालचाल सांभाळणारं रसायन बनवणाऱ्या, पेशींत शिरतं आणि ऊर्जा बनवायच्या साखळीची पहिली कडी, कॉम्प्लेक्स वन, अडवतं. पुढं 1989 मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही हीच कडी कमजोर सापडली. या पेशींना फांद्याच एवढ्या, की ऊर्जा कमी पडली की आधी त्याच मरतात.

प्राची: काही घराण्यांत पिंक-वन आणि पार्किन ही जनुकं बिघडलेली असतात. खराब मायटोकॉन्ड्रिया ओळखून मोडीत काढायचं काम त्यांचं. ते थांबलं की खराब माल पेशीतच साठतो.

सुनीलदादा: मग डबा चांगलाच की!

प्राची: मलाही तसंच वाटायचं. पण रोज 1200 आणि 2400 मिलिग्रॅम देऊन मोठी चाचणी झाली, 2014 मध्ये निकाल आला. आजाराचा वेग कमी झाला नाही. नाना चालतात ते गोळीतल्या लेवोडोपामुळं, मेंदूत त्याचं डोपामाइन होतं. एकदम बंद केली तर अंग ताठरून ताप चढतो, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, पाया पडते.

अक्का: येळ्ळूरच्या शेतात पंप पाठीला लावून औषध मारायचे गं. बनियन भिजून यायचं. त्यानं झालं असेल का?

प्राची: अक्का, एकट्या नानांचं तसं सांगता येत नाही. पण पॅराक्वॅट तणनाशकाचा संबंध अभ्यासांत दिसलाय. रोटेनोन हे कीटकनाशक तर कॉम्प्लेक्स वनच अडवतं, 2000 साली उंदरांना देऊन तसाच आजार उमटवून दाखवला. बंडूला उद्या हातमोज्यांशिवाय शेतात सोडू नका.

सुनीलदादा: डबा रद्द केला. हातमोजे आणि मास्क संध्याकाळी घेऊन येतो.

मंजूवहिनी: 8ची गोळी दिली. दूध अर्ध्या तासानं देते.