नव्वद टक्के मेंदू काय भाड्यानं दिलाय?

रंकाळाकर: परवा एकानं पोस्ट टाकली, माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, बाकीचा उघडायचा तर पोरांना मिडब्रेनच्या वर्गाला, म्हणजे डोळे बांधून बघायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला, घाला. लै डोकं फिरलं. शरीराच्या वजनात मेंदू दोन टक्के, पण वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. नव्वद टक्के बंद असता तर एवढं पोसलं असतं का? लकव्यात इवलासा भाग गेला तरी माणसाची वाचा जाते की. मर्यादा आहे, पण ती वेगळीच. डोळे, कान, कातडी मिळून सेकंदाला अब्जभर बिट, म्हणजे माहितीचे बारकेसे तुकडे, आत येतात, आणि २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या झेंग आणि माइस्टर या संशोधकांनी हिशोब मांडला की आपलं बोलणं, टायपिंग, विचार हे सगळं सेकंदाला साधारण दहा बिटांनी चालतं. कोठार रिकामं नाही भावांनो, दार अरुंद आहे.

सौ_शाहूपुरी: माझी मुलगी डोळ्याला पट्टी बांधून रंग सांगते. फी भरलीय आम्ही, फुकट नाही सांगत.

रंकाळाकर: ताई, नाकाजवळच्या फटीतून दिसतं. पुस्तक तिच्या डोक्यामागं धरून बघा. अंनिसवाले वर्षानुवर्षं हेच ओरडतायत.

सौ_शाहूपुरी: म्हणजे माझं लेकरू खोटारडं?

पेठेचा_गोली: ते राहू दे, दहा बिट मला पटत न्हाई. शाहू स्टेडियमवर पेनल्टी मारली की अर्ध्या सेकंदाच्या आत बॉल जाळ्यात, विचार करत बसलो तर संपलंच, तरी मी उडी मारतोय. ते काय दहा बिटात?

निवृत्त_मास्तर: अहो, तुम्ही त्यांचीच बाजू मांडताय. ती उडी तुमच्या नकळत ठरते, मारणाऱ्याचा पाय आणि कंबर बघून. जाणीव मागनं येते आणि श्रेय घेते. १९९९ चा सायमन्स-शाब्रिसचा प्रयोग बघा, व्हिडिओतल्या बास्केटबॉलचे पास मोजायला लावले तर मधून गोरिलाचा वेश घालून चालत गेलेलं माणूस निम्म्या लोकांना दिसलंच नाही.

पेठेचा_गोली: मग आमच्या रेफ्रीला ऑफसाइड का दिसत न्हाई ते कळलं 😂 गेल्या सीझनला तर ढळढळीत

तालीमवाला: ढळढळीत काय, तुमचा माणूस दोन हात पुढं होता! हरलात की रेफ्री आंधळा.

पेठेचा_गोली: तू होतास का ग्राउंडवर? का कठड्यावर भेळ खात होतास?

तालीमवाला: होतो, आणि माझ्या डोळ्यानं बघितलंय.

निवृत्त_मास्तर: पास सुटतो तो क्षण एकीकडं, बचावाची लाइन दुसरीकडं. एकाच वेळी दोन्हीवर नजर कुणाची राहते? तुमच्या दोघांचीही नाही.

तालीमवाला: सर, तुम्ही पण पेठेतलेच, कळलं.

केबलवाला_इंजिनियर: मूळ मुद्द्यावर या. दहा बिट हा आकडा टायपिंग, रुबिक क्यूब असल्या कामांवरनं काढलाय. तोल सांभाळणं, गर्दीतनं गाडी काढणं, सेकंदाला शेकडो स्नायूंना दिलेले हुकूम यात धरलेच नाहीत. काय मोजायचं ते आधी ठरवलं, मग आकडा तसाच येणार की.

रंकाळाकर: बरं बाबा, आकडा घे तुझ्याकडं. पण फोन कानाला लावून तारारानी चौकातनं जाणाऱ्याला समोरचा सिग्नल दिसत न्हाई, हे तर मान्य कर. ब्लूटूथ लावून पण तेच होतं, हात मोकळे असले तरी ध्यान गुंतलेलं असतंय.

केबलवाला_इंजिनियर: ते मान्य. दहा टक्क्यांचं पण मान्य. आकड्याचं नाही.

सौ_शाहूपुरी: काल पुस्तक डोक्यामागं धरलं. पोरगी म्हणाली आज मूड नाही. फी परत मागायला कुणी सोबत येणार आहे, का सगळे त्या ऑफसाइडवरच बसणार?

तालीमवाला: येतो ताई. पण ऑफसाइडच होता.