यवन, युनान, ग्रीस, हेलास : एका देशाची चार नावं

प्रश्न : हिंदीत ग्रीसला ‘यूनान’ का म्हणतात? युनानी औषधातला युनान तोच का? आणि आपल्या ‘यवन’ शब्दाशी याचं काही नातं आहे का?

उत्तर : हो, युनान तोच. ‘यवन’शीही नातं आहे, आणि फार जुनं आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, मिलेटस-एफेसस या भागात राहणारे ग्रीक म्हणजे आयोनियन. पूर्वेकडच्यांची पहिली गाठ पडली ती यांच्याशी, म्हणून साऱ्या ग्रीकांना त्यांचंच नाव चिकटलं. इराणी सम्राट दारयवहु (डरायस) याच्या बेहिस्तून शिलालेखात ‘यौन’, हिब्रूत ‘यावान’, अरबी-फारसीत ‘युनान’, तुर्कीत ‘युनानिस्तान’. अशोकाच्या शिलालेखांत ग्रीक राजा अंतियोक (अँटिओकस) हा ‘योनराजा’ आहे. पाणिनीच्या सूत्रात ‘यवन’ येतो (४.१.४९) आणि ‘यवनानी’ म्हणजे यवनांची लिपी, असं पाणिनीच्या सूत्रांवर टीपा लिहिणारा कात्यायन सांगतो.

मला यातला ‘व’ विलक्षण वाटतो. मूळ ग्रीक रूप ‘इयावोनेस’ असं होतं. होमरच्या काव्यात ते ‘इयाओनेस’ होतं, पुढे ‘इयोनेस’. म्हणजे ग्रीकांनी स्वतःच्या नावातला ‘व’ गमावला आणि तो संस्कृतनं आणि हिब्रूनं सांभाळला!

‘ग्रीस’ मात्र पश्चिमेकडून आलं. रोमन लोक त्यांना ‘ग्राएकी’ म्हणत, त्यावरून ग्राएकिया, आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडे ग्रीस. वायव्य ग्रीसमधल्या डोडोनाच्या परिसरातल्या लोकांना पूर्वी ‘ग्राइकोइ’ म्हणत आणि आता ‘हेलेनेस’ म्हणतात, असं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय. ग्रीक लोक स्वतःच्या देशाला आजही ‘एलादा’ म्हणतात; त्याचं जुनं रूप ‘हेलास’. त्याच ‘हेलास’वरून नॉर्वेत हेलास, चिनीत ‘शीला’.

प्रश्न : पण बखरींत तर ‘यवन’ म्हणजे मुसलमान?

उत्तर : बरोबर, तिथे अर्थ तोच. आधी ग्रीक, मग पश्चिमेकडून येणारा कुणीही परका, मग मुसलमान असा हा शब्द सरकत गेला. महाराष्ट्रात जुना अर्थ दगडात कोरलेला सापडतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकट नावाच्या ठिकाणच्या यवनांनी दान दिलेत. नाशिकच्या लेण्यांत तर एकानं आपली पूर्ण ओळखच कोरून ठेवलीय : धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्री या गावचा योनक, म्हणजे यवन. नाव अस्सल भारतीय, दान बौद्ध भिक्षूंना, आणि तरी ‘योनक’ हे बिरुद त्यानं सोडलेलं नाही. अशा लेखांतल्या ‘यवना’ला बखरीतला अर्थ लावला तर मोठा घोटाळा होतो, कारण हे लेख इस्लामच्या उदयाच्या कित्येक शतकं आधीचे आहेत. शब्दकोशांनी दोन्ही अर्थ काळासकट द्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.